दाजींची पट्टी

नौपाड्यातल्या त्या कराओके मंडळात चाळीसेक माणसं गातात आणि एकच बाई गात नाही. ती मेघाली. ती लॅपटॉप सांभाळते.

डोंबिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात तिची सगळी नोकरी गेली. दाखले, हजेऱ्या, फायलींचे गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर तिच्या हातची चिठ्ठी. निवृत्त झाली तेव्हा मोठी बहीण रसिका म्हणाली, "आता घरात डबे पुसत बसशील. त्यापेक्षा दाजींच्या मंडळात ये."

दाजी म्हणजे रसिकाचा नवरा. मेघाली त्यांना दाजी म्हणायची म्हणून हळूहळू सगळं मंडळच म्हणू लागलं. खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं.

"तिथे येऊन मी काय करू? गाऊ?"

"देवा! तू आरतीसुद्धा तीन पट्ट्यांत म्हणतेस. तू गाणी लाव."

तेव्हापासून ती गाणी लावायची. कराओकेत गाण्याचं नुसतं वाजवणं असतं. आवाज आपला घालायचा. पण गळे सारखे नसतात. परशुरामला जे गाणं काळी एकमध्ये बसतं तेच अक्षदाला काळी चारमध्ये लागतं. म्हणून एका गाण्याच्या चार-पाच फाइली आणि नावापुढे कंसात माणूस नि त्याची पट्टी. दाजींच्या आवडत्या गाण्यापुढे मात्र पट्टी नव्हती. कंसात नुसतं 'दा.'

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी दाजींची बायपास झाली. मंडळात परतले तेव्हा आवाज गोडच होता, पण अंतऱ्यात वर जाताना दम तुटायचा. आणि पट्टी उतरवण्याबद्दल दाजींचं मत सगळ्यांना पाठ होतं. "पट्टी उतरवून गाणारा म्हणजे जिन्याखाली उभा राहून 'गच्चीवर आलो' म्हणणारा!" असं ते परशुरामला भर तालमीत ऐकवायचे. मग मेघालीने एका दुपारी घरी बसून, कोणाला न सांगता, त्यांच्या गाण्याचा सूर खाली आणला. थोडा, अजून थोडा, त्याहूनही थोडा, असं करत चार फाइली केल्या आणि त्यातल्या एकीपुढे कंसात 'दा.' लिहून ती पक्की केली. पुढच्या तालमीत दाजी अंतरा चढून गेले. "बघितलंस? आवाज परत आला!"

"आला खरा," मेघाली म्हणाली.

आता रविवारी कार्यक्रम होता. त्याआधी सगळं नीटनेटकं करावं म्हणून ती बसली आणि घोळ झाला.

फाइलींच्या नावांचा तिला जुना राग होता. अर्धं इंग्रजी, मध्ये 'न्यू', पुढे 'फायनल', शेपटीला कंसात कुठल्यातरी वेबसाइटची जाहिरात. शेकडो नावं एका फटक्यात बदलणारं सॉफ्टवेअर तिने मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिलं आणि उतरवून घेतलं. जाहिराती काढायच्या होत्या, म्हणून नियम घातला: कंस आणि त्यापुढचं सगळं काढ. बदललेली नावं आधी दाखवायची सोय होती. वरची वीसेक तिने पाहिली, एकसारखी, स्वच्छ, शाळेच्या मस्टरसारखी. बटण दाबलं. मग कॉपी म्हणून ठेवलेला पेनड्राइव्हही पुसून त्यावर ही नवी यादी चढवली, सॉफ्टवेअर बंद केलं आणि समाधानाने चहा टाकला.

चहा पिता पिता लक्षात आलं की आपलीही माणसं कंसातच होती.

एकाच नावाच्या फाइली झाल्या म्हणून सॉफ्टवेअरने त्यांना आकडे चिकटवले होते. गाणं, गाणं १, गाणं २. कोण कोणाचं? 'मागे घ्या'चं बटण शोधलं तर ते फिकट पडलेलं. दाबलं जाईना.

बाकीच्यांचं तालमीत निभावलं. ज्याने त्याने दोन ओळी गाऊन आपापली फाइल ओळखली. "मेघालीताई," परशुराम म्हणाला, "शाळेतपण सगळ्या पोरांना एकाच नावाने दाखला देत होतात काय?" सगळे हसले, तीही हसली. कंसाचा हा घोळ रसिकाच्याही कानावर गेला. दाजी त्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते. त्यांचं गाणं राहिलं.

घरी तिने त्यांच्या पाचही फाइली ऐकल्या. एक मूळची, चार उतरवलेल्या. तारखा पाहाव्यात तर उतरवलेल्या चारही एकाच दुपारच्या. तिसरी ऐकेपर्यंत पहिली विसरायची. पहिली पुन्हा लावली तर ती चौथीसारखी वाटायची. कानात नुसती खिचडी. चुकीची लावली आणि दाजी भर हॉलमध्ये अंतऱ्यात अडकले तर? आणि त्यांनाच विचारावं, तर आजवर आपण काय केलं ते सांगावं लागणार.

शेवटी लॅपटॉप घेऊन ती नौपाड्यात बहिणीकडे गेली.

"दाजी, जरा गाऊन दाखवा. स्पीकर तपासायचाय."

"स्पीकर कुठाय?" रसिकाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"लॅपटॉपचा गं."

दाजींनी घसा साफ केला. मूळची वगळून मेघालीने उतरवलेल्या चार एकेक करून लावल्या. पहिल्या फाइलीवर ते मुखडा छान गायले, अंतऱ्यात दम तुटला. दुसरीवर तुटला नाही, पण ओढला गेला. तिसरीवर नीट. चौथीवरही नीट. मेघाली आणखीच गोंधळली. तिसरी की चौथी? दाजींच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पुन्हा लावू?"

"कितीदा स्पीकर तपासणार?" दाजी टॉवेलने मान पुसत म्हणाले. "तिसरी माझी. चौथी तिच्याहून अर्धा सूर खाली."

"तुम्हाला कसं..."

"अगं, जन्मभर पेटी घेऊन बसलोय मी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाटत होतं मला कळलं नाही. तू एवढी खूश होतीस."

"मी? तुम्ही खूश होतात!"

"मी तुझ्यासाठी होतो."

वर्षभर कोण कोणाची समजूत काढत होतं, हे मेघालीला नीट लावता येईना. दाजी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "रविवारी चौथी लाव."

"तिसरीवर जमलं की तुम्हाला."

"इथे बसून जमलं. तिथे उभं राहायचंय, लोक बघणार, छाती धडधडणार. चौथीच लाव."

"आणि परशुरामने विचारलं तर?"

"सांगेन, जिन्याखाली उभा आहे, तूही ये."

मेघालीने चौथी फाइल निवडली. नाव बदलायची चौकट उघडली. "काय लिहू?"

"दाजी, अर्धी खाली. सरळ लिही, लपवू नकोस."

ती एकेक अक्षर टाइप करू लागली. आतून कढई आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ रसिकाचा.

"आणि मेघाली, कंसात घालू नकोस हं!"