हॉल तिकिटाचं लॅमिनेशन

माझ्या वडिलांना कागद खराब झालेला चालायचा नाही. बाकी काहीही चालायचं. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवायचे, पण कागदाला घडी पडली की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. नोकरी सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. पनवेलची हवा दमट, खाडी जवळ. जुन्या फायली बुरशीने नाहीतर वाळवीने जायच्या आणि साहेब लोक जाब विचारायचे तो बाबांना. त्यामुळे गावात लॅमिनेशनचं मशीन आलं तेव्हा त्यांना देवच भेटला. माझा शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कलिस्ट, त्यांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका, सगळं चकचकीत प्लास्टिकात गेलं. रेशनकार्ड तेवढं वाचलं, कारण ते आईने डाळीच्या डब्यामागे लपवलं होतं.

"दुकानदाराला त्यावर लिहायचं असतं, एवढं तरी कळतं का तुम्हाला?" आई म्हणायची.

"कळतं, कळतं," म्हणायचे बाबा. कुठलं कळतंय!

मी बारावी दिली त्या वर्षी मेडिकलसाठी वेगळी प्रवेश परीक्षा आली, सीईटी. तोवर बारावीच्या मार्कांवर भागायचं. आमच्या वर्षाच्या नशिबी दोन्ही आलं. आधी बोर्डासाठी पानंच्या पानं लिहा, आणि ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून तेच सगळं वाचा; फक्त आता लिहायचं नाही, पेन्सिलीने गोल काळे करायचे. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला तेव्हा मैत्रिणी पिक्चरला गेल्या. मी घरी आले, हातपाय धुतले आणि बायॉलॉजी उघडलं. वाईटसुद्धा वाटलं नाही. तिथूनच कुठेतरी माझं वाटणं बंद झालं असावं.

लोक सांगतात, परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो. मला काही म्हणजे काही येत नव्हतं. जेवण जायचं, झोप लागायची, पुस्तकातली अक्षरं दिसायची आणि पान उलटलं जायचं. डॉक्टर व्हायचं नव्हतं असं नाही हो. व्हायचं होतं असंही नाही. व्हायचं होतं ते बाबांना. इंटर सायन्सला त्यांचे मार्क कमी पडले आणि ते कारकून झाले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आईने एकदा भांडणाच्या भरात सांगितलं. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार होते. म्हणजे मला पुन्हा बसायला मिळेल, असली भानगड नव्हती. एकच परीक्षा, आणि त्यांची एकुलती एक मुलगी.

सेंटर आलं अलिबागला. पनवेलकरांचं हे नेहमीचंच रडगाणं. मुंबई डोळ्यांसमोर, पण जिल्हा रायगड, म्हणून कुठल्याही सरकारी कामाला तोंड अलिबागकडे करायचं. बाबा आधीच्या रविवारी एकटे एसटीने जाऊन सेंटर बघून आले. सेंटर बघून येणं सगळेच करायचे, पण आमच्या बाबांनी तर माझी परीक्षा माझ्याआधी एकदा देऊनच पाहिली. आले ते नकाशा घेऊन. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, सावलीचं झाड कुठलं, कुठल्या बाजूच्या वर्गांत सकाळचं ऊन येतं. वडखळला गाडी किती वेळ थांबते तेसुद्धा लिहिलेलं. आई म्हणाली, "अहो, तिथे ती राहायला जाणार नाहीये!" बाबांनी ते ऐकलं नाही. ते पेन्सिलींना टोक काढत बसले होते. सहा पेन्सिली, दोन्ही बाजूंनी.

आदल्या दिवशी संध्याकाळी खोडरबर आणायला आम्ही बाजारात गेलो आणि परत येताना ते झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबले. शर्टाच्या खिशातून हॉल तिकीट काढलं. मे महिना, घामाने ओलं होईल, फोटोवरचा शिक्का पसरेल, मग तिथे कोणी आत सोडलं नाही तर? असं ते मला नाही, स्वतःलाच सांगत होते.

दुकानदार मोठा शहाणा माणूस. त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "काका, ह्याच्यावर नंतर काही लिहायचं-बिहायचं नाही ना? एकदा चिकटलं की चिकटलं."

बाबा माझ्याकडे वळले. "काय गं? नाही ना काही?"

खाली उजवीकडे एक रिकामी चौकट होती. परीक्षेच्या वर्गात, तिथल्या पर्यवेक्षकांसमोर सही करायची ती जागा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं आणि मी ते दोनदा वाचलं होतं. मला ठाऊक होतं. आत्ता विसरले, गोंधळले, असलं काही मी सांगणार नाही. मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? गेली कित्येक वर्षं मी स्वतःला खोदून खोदून विचारते आहे. सूड नव्हता. परीक्षा चुकवायची असाही बेत नव्हता, बेत करायला डोक्यात काहीतरी हलावं लागतं. एक शब्द जास्त बोलायचा कंटाळा आला, एवढंच सापडतं. होईल ते होऊ दे मेलं. मशीनमधून तिकीट गरम गरम बाहेर आलं, बाबांनी ते दोन बोटांत धरून फुंकर घातली आणि घरी येईपर्यंत खिशात ठेवलं नाही, हातातच धरलं.

सकाळी आईने हातावर दही-साखर ठेवली आणि आम्ही पहिली गाडी पकडली. पळस्पे फाट्याच्या पुढे खेड्यातली एक बाई शेजारी येऊन बसली, पेणला निघालेली. माझ्याकडे बघून बाबांना म्हणाली, "पोरीला बरा नाय काय?"

"परीक्षा आहे तिची. डॉक्टरकीची," बाबा म्हणाले. आवाजात इतकी ऐट, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"मंग घाबरली असंल."

"नाय," मी म्हटलं. अगदी खरं सांगितलं.

फाटकावर तपासणीला एक साहेब टेबल टाकून बसले होते. त्यांनी तिकीट हातात घेतलं, वाकवून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे लॅमिनेट कोणी केलं? सही कुठे करायची? माझ्या डोक्यावर?"

मागची मुलं हसली. बाबांनी पुढे वाकून चौकट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग साहेबांकडे वळून त्यांनी हात जोडले. साठीला टेकलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि एका परक्या माणसापुढे हात जोडून उभा.

"मी केलं साहेब. चूक माझी. मुलीला काही ठाऊक नाही. तिला आत सोडा, हवं तर मी लिहून देतो."

मी तिथेच उभी होते. हातभर अंतरावर. "मला ठाऊक होतं" एवढे तीनच शब्द होते. ते तोंडातून निघाले नाहीत आणि त्याचंही तेव्हा काही वाटलं नाही.

साहेब करवादले, पण माणूस बरा होता. वर्गात बघतील म्हणाले आणि मला सोडलं. वर्गातल्या बाईंनी तर एका शब्दाने विचारलं नाही. गठ्ठ्यांची सुतळी कापायला आणलेलं ब्लेड घेतलं, चौकटीच्या कडेने प्लास्टिक चिरून सोललं, कोपरा जरासा फाटला. मी सही केली. त्यांनी पाणी प्यायला सांगितलं. पेपर वाटायची घंटासुद्धा व्हायची होती. दोन मिनिटांचं काम.

मग पेपर आला. गोल काळे केले. येत होते ते केले, येत नव्हते तेही केले. अर्धा तास उरला तेव्हा माझं संपलं होतं. परत तपासायला हवं होतं, तसं शंभर वेळा बजावलेलं. मी पेन्सिल ठेवली आणि खिडकीतून बघत बसले. बाबा समोर होते, नकाशातल्या त्या झाडाखाली, सगळे पालक बसलेले आणि हे उभे.

बाहेर आल्यावर त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "त्या सहीपायी किती वेळ गेला गं तुझा?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

हे आदल्या संध्याकाळच्या 'नाही'सारखं नव्हतं. हे मी जाणूनबुजून बोलले. मार्क कमी पडणार हे मला दिसत होतं आणि कारण आयतं समोर उभं होतं, हातात बाटली घेऊन. बाबांनी बाटलीचं झाकण लावलं. एसटी स्टँडवर त्यांनी मला वडापाव घेतला, स्वतः खाल्ला नाही.

मार्क पडले, मेडिकलला जरासे कमी. आत्या, काका, शेजारपाजारचे, जो येईल त्याला बाबा स्वतःहून सांगायचे, "तिचा दोष नाही. मी मूर्खासारखं तिकीट लॅमिनेट केलं, पोरीची वीस मिनिटं गेली. तेवढ्यात झालं असतं तिचं." मी आत चहा गाळत असायचे. आईसुद्धा त्यांना बोलायची, चांगलं लागेल असं. तेही ऐकून घ्यायचे. मी बी.एस्सी. केलं, शाळेत लागले, माझं बरं चाललं. ती सांगत राहण्याची सवय मात्र त्यांची गेली नाही. माझ्या सासरच्यांनाही त्यांनी ते सांगितलं, कोणी न विचारता.

आता मला लाज वाटते. तेव्हाची सगळी एकदम, व्याजासकट. बाबा जाऊन चार वर्षं झाली. इतक्या वेळा त्यांनी ती हकीकत सांगितली, फाटक, साहेब, ब्लेड, सगळं. पण दुकानात त्यांनी मला विचारलं होतं आणि मी 'नाही' म्हटलं होतं, हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.