काळ्या दोरांचा वकील

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत दोन माणसं सव्वीस वर्षं भांडली, आणि भांडणाचा विषय काय, तर टीव्हीवरची कुस्ती. तीच ती, तीन दोरांच्या रिंगणातली, झगमगत्या चड्ड्यांची, जिचा निकाल आधीच ठरलेला असतो. हे वाचून कोणी नाक मुरडणार असेल तर खुशाल मुरडावं. निकाल ठरलेला असतो हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. लाँड्रीत नवीन आलेला कोणीतरी शहाणपणा करून ते सांगायला जायचाच. मग त्यांतला एक शांतपणे म्हणायचा, "लग्नातसुद्धा सगळं आधीच ठरलेलं असतं. तरी जाता ना? वर रडताही ना?"

असं म्हणणारा तो वकील. कोर्टाची पायरी तो उभ्या जन्मात चढला नव्हता. धुण्याच्या मोठ्या ड्रमवर काम करायचा. पण समोरच्याचं एकही चुकीचं वाक्य तो जमिनीवर पडू देत नसे, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. दुसरा इस्त्रीवाला, आणि ही गोष्ट त्याची आहे.

इस्त्रीवाल्याकडे चादरींचा रोलर होता. ओलसर चादरीची दोन टोकं धरायची, तापलेल्या रोलरच्या तोंडी सरळ द्यायची, पलीकडे उभ्या असलेल्या दोन घडीवाल्या बायका ती बाहेर आली की झेलायच्या. चादर तिरकी गेली की सुरकुती कायमची. त्यामुळे मान वळवायची सोय नव्हती. ड्रम त्याच्या पाठीमागे होता, घडीवाल्यांनाही वाफेआडून न दिसणारा. म्हणजे सव्वीस वर्षांचं ते भांडण एकमेकांकडे न बघता, वाफेच्या फुसफुसाटावरून आणि ड्रमच्या धडधडाटावरून ओरडून झालं. दोघांचेही आवाज त्यामुळे इतके चढले होते की घरी साधं मीठ मागितलं तरी बायका दचकायच्या.

दोन कंपन्या होत्या. एकीच्या रिंगणाचे दोर लाल, दुसरीचे काळे. लाल दोरवाल्यांकडे पैसा, दिवे, आतषबाजी आणि लोहार नावाचा पहिलवान, जो खांद्यावर हातोडा टाकून यायचा. इस्त्रीवाल्याचा तो जीव की प्राण. काळ्या दोरवाल्यांकडे गळका हॉल, हलणारा कॅमेरा आणि सरदार. सरदार काही दिसायला देखणा नव्हता, पोटही सुटलेलं, पण तो मार खायला लागला की बघणारे जागचे उठून उभे राहायचे. वकील त्याच्यासाठी कोणाशीही भांडायला तयार असे.

"लोहार बाविसाव्या वर्षी विजेता झाला!" इस्त्रीवाला रोलरकडे बघत ओरडायचा.

"तेविसाव्या!" मागून आवाज. "आणि झाला नाही, केला! मालकाचा जावई होता तो!"

"जावई नंतर झाला!"

"नाही! साखरपुडा आधी, पट्टा नंतर! तारखा सांगू?"

तो तारखा सांगायचाच. आणि त्या बरोबर असायच्या, हेच तर डोक्यात जायचं. पुढे लाल दोरवाल्यांनी काळी कंपनी विकत घेतली आणि बंद केली. सरदारलाही घेतलं, त्याला विदूषकाचे कपडे चढवले, तीन महिने रोज हरवला आणि मग घरी पाठवला. काळ्या कंपनीच्या साऱ्या टेपा लाल दोरवाल्यांच्या गोदामात गेल्या. तिथून जे काही बाहेर यायचं ते कापून, छाटून, त्यांच्या सोयीचं. वकील म्हणायचा, "हा खून आहे. आणि प्रेत लपवलंय." इस्त्रीवाला म्हणायचा, "धंदा आहे, लेका." त्यावर पुढची पंधरा वर्षं निघाली. सव्वीस वर्षांत इस्त्रीवाला एकदाही जिंकला नव्हता. हसून सांगायचा खरा, पण आत कुठेतरी ते त्याला लागायचं.

तर तो दिवस. सकाळचे अकरा वाजलेले, एका मोठ्या हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलेला. इस्त्रीवाल्याने उगाच खोडी काढली. "तुझा सरदार पिंजऱ्यातली एकसुद्धा लढत जिंकला नाही!"

मागून उत्तर आलं नाही.

त्याने परत ओरडून सांगितलं. ड्रम धडधडत होता, वाफ फुसफुसत होती, वकील गप्प. इस्त्रीवाल्याला आधी खरंच वाटेना, आणि मग जो आनंद झाला म्हणता! त्याने घडीवाल्यांना हाका मारल्या. "ऐका ऐका! वकिलाची बोलती बंद! तारीख लिहून ठेवा!" घडीवाल्या हसल्या, एकीने चादरीसकट टाळ्या वाजवल्या. तो चेकाळलाच. लोहाराची चाल चालून दाखवली, खांद्यावर खोटा हातोडा घेतला, "अपील करा, वकीलसाहेब, अपील करा!" असं गाण्यासारखं म्हटलं. दहा मिनिटं हा तमाशा चालला. मग ड्रमचा भोंगा वाजला, धुणं झाल्याचा. तो वाजतच राहिला. कोणी झाकण उघडेना. तेव्हा कुठे तो वळला.

वकील ड्रमला टेकून जमिनीवर बसला होता. हातात ओला अभ्रा, तोंड एका बाजूला ओघळलेलं. डोळे उघडे होते आणि ते इस्त्रीवाल्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते, कोण जाणे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी झालं?" इस्त्रीवाल्याने खरं सांगितलं, आपण वळून बघितलं त्याच्या दहाएक मिनिटं आधी. मेंदूत रक्ताची गाठ होती. या आजारात एकेक मिनिट मोलाचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी वकिलाच्या बायकोला समजावून सांगितलं, इस्त्रीवाला नुसता बाजूला उभा होता. त्या दहा मिनिटांत तो काय करत होता हे कोणी विचारलं नाही. घडीवाल्याही त्यावर कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वकील जगला. उजवा हात गेला, पाय फरफटू लागला, आणि सगळी भाषा जाऊन एक शब्द उरला. हो. पाणी हवं का? हो. नको का? हो. त्रास होतोय? हो. बरं वाटतंय? हो. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याला नाही म्हटलं, त्याच्या तोंडी नशिबाने नेमका हाच शब्द ठेवावा, याला काय म्हणायचं! मला तरी यात काही गंमत दिसत नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या कंगवा दाखवून विचारायच्या, "हा चमचा आहे का?" वकील म्हणायचा, "हो." मॅडम वकिलाच्या बायकोला म्हणाल्या, "यांना समजतंय किती, ते कळत नाही. एकदा जरी योग्य जागी 'नाही' आलं ना, तर ते धरून पुढे काम करता येईल. सहा आठवडे बघू. मग मात्र ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

इस्त्रीवाला तिथेच बसला होता. त्याच्या अंगात एकदम बळ आलं. "वहिनी, 'नाही' ना? ते माझ्यावर सोडा. याला नाही म्हणायला कंगवे-चमचे काय कामाचे?"

आणि त्याने दर रविवारी दुपारी वकिलाच्या घरी जाऊन खोटं बोलायला सुरुवात केली. खिडकीजवळच्या खुर्चीत वकील, मांडीवर टॉवेल, समोर स्टुलावर हा. पहिल्या रविवारी साध्या चुका: लोहाराची उंची, पट्टा कोणत्या वर्षी कोणाकडे होता. वकील त्याच्याकडे टक लावून बघायचा, डाव्या कोपऱ्याने हसायचा आणि म्हणायचा, "हो." मग इस्त्रीवाल्याने चढत्या भाजणीने खोटं वाढवलं. सरदारच्या कपाळावरची खूण दारू पिऊन जिन्यावरून पडल्याची आहे, म्हणाला. हो. काळ्या दोरवाल्यांचा हॉल कधी भरलाच नाही, म्हणाला. हो. घरी इस्त्रीवाल्याची बायको म्हणाली, "आजारी माणसाशी कोणी असं खोटं बोलतं का? आणि तेही तयारी करून?" कारण तो शनिवारी बसून खोटं कागदावर लिहून काढायचा.

चौथ्या रविवारी सरदारचं नाव घेताच वकिलाचा डावा हात उचलला गेला. इस्त्रीवाला स्टुलावरून उडालाच. "वहिनी! वहिनी, या लवकर!" त्या ओल्या हातांनी धावत आल्या. वकिलाने हात गालावर आपटला. माशी बसली होती.

एक गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. खोटं रचून रचून, लाँड्रीच्या ड्रायव्हरशी किंवा घडीवाल्यांशी कुस्तीबद्दल बोलताना त्याला खरं काय ते आठवेनासं झालं होतं. फोनवर शोधलं तर लाल दोरवाल्यांचंच म्हणणं दिसायचं. खरं सांगणारा एकच होता, आणि तो तर सगळ्यालाच हो म्हणत होता.

सहावा आठवडा संपला त्या दिवशी इस्त्रीवाल्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वहिनींबरोबर दवाखान्यात गेला. कंगवे-चमचे झाले. मग त्याने मॅडमना विनवलं, "मला दोन मिनिटं द्या." मॅडमनी घड्याळाकडे बघत मान डोलावली. त्याने खुर्ची वकिलाच्या अगदी गुडघ्याला लावली. जे आजवर राखून ठेवलं होतं ते बाहेर काढलं.

"ऐक. सरदार लाल दोरवाल्यांकडे गेला ते चांगलंच झालं. तिथेच त्याचं सोनं झालं. विदूषकाच्या कपड्यांत शोभून दिसायचा. काळी कंपनी बंद पडायच्याच लायकीची होती. बरोबर ना?"

वकिलाच्या कपाळाला आठी पडली. ती इस्त्रीवाल्याने बघितली, मॅडमनीही बघितली. ओठ हलले. इस्त्रीवाल्याने स्वतःच्या तोंडाने तो शब्द मूक आकारात करून दाखवला, लहान बाळाला घास भरवताना आपलंच तोंड उघडतं तसा.

"हो," वकील म्हणाला. आठी गेली.

मॅडमनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या. वहिनींनी नवऱ्याची हनुवटी पुसली आणि त्याच रुमालाने स्वतःचे डोळे. बाहेर बाकावर पुढचा पेशंट त्याच्या मुलीबरोबर बसलेला होता. त्याला जागा झाली.

त्यानंतरचा रविवार आला. जायचं कशाला, असं बायकोने विचारलं नाही, हे तिचे उपकार. इस्त्रीवाला गेला. आज खिशात कागद नव्हता. वहिनी आत चहा ठेवत होत्या, स्टोव्हचा आवाज येत होता. त्याने स्टूल वकिलाच्या शेजारी ओढलं आणि बसला. खूप वेळ दोघं खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. असं शेजारी बसून, एकाच दिशेला बघत, न ओरडता ते कधी बसलेच नव्हते.

"तुला सांगायचं होतं," इस्त्रीवाला म्हणाला. आवाज इतका हळू की त्याचा त्यालाच परका वाटला. "तू त्या दिवशी गप्प झालास ना, तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. मी नाचत होतो रे. हातोडा घेऊन. दहा मिनिटं. तू पाठीमागे खाली बसलेला, आणि मी नाचतोय. एकदा वळून बघितलं असतं तर."

वकील त्याच्याकडे बघत होता. तेच डोळे, ड्रमजवळचे.

"बघत होतास ना तू?"

"हो."

इस्त्रीवाल्याने थांबायला हवं होतं. उठावं, आत जावं, चहा घ्यावा. पण सहा आठवडे ज्या एका शब्दासाठी तो याच्या मागे लागला होता तो मॅडमसाठी नव्हता, वहिनींसाठीही नव्हता, हे त्याला आत्ता लख्ख कळलं. तो शब्द त्याला स्वतःसाठी हवा होता. त्याने वकिलाचा निर्जीव उजवा हात आपल्या भाजून कडक झालेल्या तळहातात धरला.

"माझ्यामुळे झालं का रे हे?"

वकील डाव्या कोपऱ्याने हसला. छान, मायेने हसला.

"हो," म्हणाला.

त्या 'हो'ला काही अर्थ नाही. फाइलमध्ये तसं लिहिलेलं आहे, मॅडमच्या सहीनिशी. इस्त्रीवाल्याने ते मनात तीनदा म्हणून बघितलं. पण सव्वीस वर्षांत या माणसाचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. दोघांना हात हातात घेऊन बसलेलं बघून त्यांना बरं वाटलं. "बघा भावजी, तुम्ही आलात की कसा चेहरा खुलतो यांचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही येत जा हो. दुसरं कोण आहे आम्हाला?"

"येईन की," इस्त्रीवाला म्हणाला. त्याने चहा घेतला, कप विसळून ठेवला, आणि पुढच्या रविवारी दुपारी तीनला येतो म्हणून सांगितलं.