बारा आठवडे, बारा किलो

जनार्दन गजभिये सीकरकडे जाणाऱ्या मीटरगेज लाइनवर चावीवाला होता. हे काम बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. रोज सकाळी नेमून दिलेले तीन किलोमीटर रूळ चालत तपासायचे, जाताना एका रुळावर नजर, परत येताना दुसऱ्यावर. रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली तर हातोड्याने ठोकून बसवायची, बोल्ट पान्याने आवळायचा. हातोडा, पाना, सुट्या चाव्या आणि झेंड्या मिळून बारा किलोंचं ओझं खांद्यावर असायचं. हे त्याने एकोणीस वर्षं केलं.

वडील अकोल्याचे, रेल्वेच्या बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. जनार्दन बायको द्वारकाबरोबर मुरलीपुऱ्यात राहायचा. मी रेल्वेच्याच कार्यालयात, आस्थापना शाखेत. रजा, बदली, वैद्यकीय प्रमाणपत्रं हे माझं काम. मराठी माणसं मोजकी, त्यामुळे कागद अडला की ती थेट माझ्या घरी येत.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये जनार्दनचं ऑपरेशन झालं. गुदाशयाचा कॅन्सर होता. खालचा मार्ग कायमचा बंद करून डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढलं आणि त्यावर पिशवी लावली. शौच त्या पिशवीत. आता जन्मभर तसंच.

मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला पाहून उठला.

"उमाकांतभाऊ, आमच्या गाडीचा गार्डाचा डबा मागून काढला आन् बाजूला जोडला," तो म्हणाला.

द्वारका हसली नाही. "येनाऱ्या प्रत्येकाले हेच सांगतात, भाऊजी," ती म्हणाली. "आन् मानूस गेला की रडतात."

दोन महिन्यांत तो पिशवी स्वतः रिकामी करायला आणि बदलायला शिकला. त्वचा सोलवटायची, चिकटपट्टी सुटायची. एकदा बसमध्ये सुटली. लोक सरकले, कंडक्टरने उतरायला सांगितलं. मधल्या थांब्यावरून तो चालत घरी आला. त्यानंतर तो बसमध्ये चढला नाही.

रजा ३० एप्रिलला संपत होती. पुढे दोनच वाटा होत्या. रेल्वेच्या डॉक्टरांनी पात्र ठरवलं तर पुन्हा लाइनवर, नाहीतर कार्यालयात हलकं काम. मी त्याला म्हणालो, "हलकं काम घे की. पंख्याखाली बसशील."

"तिथं माझ्या बाजूले किती जन बसतीन?"

"खोलीत आठ-नऊ."

"या पोटाले येळकाळ कळत नाही, भाऊ. आवाज करते. वास येते. लाइनवर मी एकटा असतो, कोनाले काय करायचं? मले लाइनच पायजे."

मी त्याला मदत करायचं ठरवलं.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, चालणं हळूहळू वाढवा, जड वस्तू उचलू नका. जड म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. मी विचारायला गेलोही नाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. रजेचे बरोबर बारा आठवडे उरले होते आणि हत्यारं बारा किलोंची. दर आठवड्याला अर्धा किलोमीटर आणि एक किलो. आकडे इतके सरळ बसले की मला शंकाच आली नाही. सगळं आयुष्य शिल्लक रजेवरून तारखा काढण्यात गेलेलं. पोटाच्या स्नायूंना ३० एप्रिल माहीत नसतो, हे मनात आलं नाही. मी आखीव तक्ता केला, रोजच्या खुणेसाठी चौकट ठेवली आणि त्याच्या हाती दिला.

त्याने तो भिंतीवर लावला. किराणावाल्याकडून रेती तोलून आणली आणि जुन्या झोळीत भरली. पहाटे सीकर रोडच्या कडेने झोळी खांद्यावर घेऊन चालायचा. आल्यावर उठाबशा. पाचव्या आठवड्यात त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, जेवण वाढलं. द्वारकाने मला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. "तुमच्या कागदानं मानूस उठवला, भाऊजी," ती म्हणाली. मला ते आवडलं, हे कबूल करतो.

चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात तो दिसला. सगळे मंडपात होते आणि तो मागे जनरेटरजवळ उभा होता. तिथे आवाज होता आणि डिझेलचा वास होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"किती झालं?"

"दहा किलो. तक्त्याप्रमानं." तो शर्टावरून पोटाची डावी बाजू दाबून धरत होता.

"दुखतंय का?"

"पिशवीचा पट्टा सैल हाय."

मी ते मान्य केलं.

एप्रिलच्या शेवटी वैद्यकीय तपासणीला मी बरोबर गेलो. डॉक्टर मध्यम वयाचे, सौम्य होते. त्यांनी जनार्दनला उभं केलं, पिशवीच्या बाजूला हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, "खांसिए." जनार्दन खोकला. डॉक्टरांच्या तळव्याखाली मुठीएवढा फुगा वर आला.

"ये कब से है?"

जनार्दनने शर्ट खाली ओढला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"नौवें हफ्ते से," तो म्हणाला.

डॉक्टरांना ते कळलं नाही, मला कळलं. आतड्याच्या तोंडाशेजारी स्नायू फाटून हर्निया झाला होता. त्यानंतरही त्याने तीन आठवडे वजन वाढवलं होतं. लाइनच्या कामाला कायमचा अपात्र, असा शेरा पडला. डॉक्टर त्याला म्हणाले, नुसतं चालत राहिला असतात तर हे टळलं असतं. ओझं उचलायला कुणी सांगितलं? जनार्दनने माझ्याकडे पाहिलं नाही. "अपने मन से उठाया, साब," तो म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, "नवव्या आठवड्यात थांबला काहून नाहीस?" त्याच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, कोण जाणे.

"चौकट रिकामी रायली असती. तुमी पायलं असतं. मंग तुमीच म्हनले असते, बस, आता कार्यालयात ये."

जूनमध्ये तो आमच्याच शाखेत शिपाई म्हणून रुजू झाला. मी त्याचं स्टूल दारापाशी, व्हरांड्यात ठेवायला लावलं. लोक वाईट नव्हते. एकदोघांनी आपली टेबलं आत सरकवली, तेही काही न बोलता. तो फायली पोचवायचा, पाणी द्यायचा आणि बसताना पोटावर हात ठेवायचा.

ऑगस्टपर्यंत त्याचा शर्ट अंगावर लोंबायला लागला. एका सकाळी द्वारकाचा फोन आला.

"भाऊजी, डबा तर रोज रिकामा येते. मंग हे वाळून काहून राहिले?"

डबा तो जिन्याखालच्या कुत्र्यांना घालतो, हे मला महिनाभर माहीत होतं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पोटात काही जाऊ द्यायचं नाही, पाणीसुद्धा घोटभर. काहीच गेलं नाही तर पिशवीही गप्प राहते. मी त्याला दोनदा हटकलं होतं. तो म्हणाला होता, "आता तरी मले तक्ता देऊ नका, भाऊ." त्यानंतर मी बोललो नव्हतो.

फोनवर मी द्वारकाला खरं ते सांगितलं. "तुमाले माहीत होतं," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती मुरलीपुऱ्याहून डबा घेऊन आली आणि व्हरांड्यात त्याच्या स्टुलासमोर जमिनीवर बसली. आतले सगळे पाहत होते. तिने पोळी तोडून त्याच्या हातात दिली.

"घरी जाय," तो म्हणाला.

"खा. मंग जातो."

त्याने दीड पोळी खाल्ली. पाणी प्यायला. थोड्या वेळाने पोटावर हात दाबून उठला आणि संडासात गेला. आत त्याला पाऊण तास लागला. एक कारकून लघवीला गेला आणि नाकाला रुमाल लावून परतला. द्वारकाने मान वर केली नाही. डब्याचं झाकण लावून, डबा मांडीवर धरून ती बसून राहिली.

तेव्हापासून ती रोज एक वाजता येते.