पान एकशे साठनंतर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचते. पांढऱ्या साडीतली बाई काय, मागून येणारी पावलं काय... मी वाचनालयात आयुष्य काढलेली बाई आहे. बंद कपाटांच्या गराड्यात तासन्‌तास एकटी बसलेय, उंदरांशिवाय कुणी भेटलं नाही. त्यामुळे मी स्वतः असलं काही लिहायला बसेन असं कुणी म्हणालं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण परवा आमच्या गावडे बाई म्हणाल्या की पोटात ठेवून काय होणार आहे, लिहून मोकळी हो. म्हणून लिहितेय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मालवणहून मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतीलच. वाचनालय ग्रामपंचायतीच्या मागे — दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. सहा लोखंडी कपाटं, त्यातलं एक लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. ग्रंथपाल मी, शिपाई मी, झाडू मारणारीही मीच.

बायका वाचनालयात येईनात. पुरुष येतात, पेपर वाचून राजकारणावर भांडतात आणि जातात. बायकांना विचारलं तर एकच उत्तर — वाचूक वेळ खंय? मग मी म्हटलं, वाचू नका, ऐका. दर शनिवारी दुपारी तीन वाजता पडवीत सतरंजी घालून मी एक पुस्तक वाचायला सुरुवात केली. दहा-बारा जणी येऊ लागल्या. कुणी काजूगर सोलायला घेऊन बसते, कुणी नुसतीच पाय पसरून. मोबाइल मात्र दारातल्या टोपलीत टाकायचे, हा माझा नियम. त्याबद्दल मी भरपूर शिव्या खाल्ल्यात.

पुस्तक संपलं की त्यावर प्रश्नमंजुषा. ती गावडे बाई घेतात, वाचनाला मात्र त्या बसत नाहीत. हायस्कुलात मराठी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. दहा प्रश्न, चिठ्ठीवर उत्तरं लिहायची, पहिलीला एक पुस्तक आणि कोकमाची बाटली. हसू नका, आमच्या बायका त्या बाटलीसाठी बोर्डाच्या परीक्षेसारख्या घाबरतात. आणि बाई अर्धा मार्कसुद्धा फुकट देत नाहीत.

आता लुसीबायबद्दल सांगते. पंचाहत्तरीची, खालच्या वाडीत एकटी राहायची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, शेजारीण हात धरून आणून सोडायची. गेल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली आणि तिने एका कादंबरीचं नाव घेतलं. ती वाचशील का म्हणाली. नाव इथे देत नाही, का ते पुढे कळेल. जुनी आहे, आता छापतही नाहीत. वाईकडची गोष्ट — इंदू नावाची मुलगी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून निघून जाते, आणि चार वर्षांनी आईच्या दारात परत येते.

हीच कशाला, असं मी विचारलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते गावात अर्ध्यांना ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. लुसीबाय मूळची लुसी नव्हेच. मसुऱ्याकडची सुनंदा, चांगल्या शेतीवाल्या घरातली. एकोणिसाव्या वर्षी तिने मिंगेल सुताराशी चर्चमध्ये लग्न केलं. घर सोडलं त्या दिवशी हीच कादंबरी अर्धी वाचून उशाखाली होती. ती तिथेच राहिली. मिंगेल भला माणूस, संसार सोन्यासारखा झाला. पण माहेर तुटलं ते तुटलंच. पहिला मुलगा झाल्यावर त्याला कडेवर घेऊन ती एकदा माहेरी गेली होती. दारापुढच्या खळ्यापर्यंत पोचली. दार बंद होतं. अर्धा तास उभी राहिली आणि दार न वाजवताच परत फिरली. आई वारल्याचं तिला तेराव्यानंतर कळलं.

"इंदू दारात उभी ऱ्हवली, थंयसर माझा वाचून झाला होता," ती म्हणाली. "आवशीन दार उघडल्यान काय नाय, ता माका अजून ठावक नाय गो. हसशीत तू. पण छप्पन वर्सां ताच डोक्यात आसा."

मला हसू कुठलं येतंय. त्यात तिचा मुलगा दिवाळीनंतर तिला कायमचं मडगावला नेणार होता. म्हणजे आता नाहीतर कधीच नाही. कपाटाला लाथ घातली आणि पुस्तक काढलं. आमच्याकडे एकच प्रत होती, जुनी, पुन्हा बांधणी केलेली.

चार शनिवार वाचलं. पाचव्याला इंदू दारात येणार होती. लुसीबाय त्या दिवशी पुढेच येऊन बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. मी वाचत गेले. 'कडीवर हात ठेवून इंदू उभी राहिली.' पान एकशे साठ संपलं. नजर उजव्या पानावर नेली... आणि समोर पान एकशे सत्त्याहत्तर.

सोळा पानं नव्हतीच. अख्खा फर्मा गळाला होता. बांधणाऱ्याने तसाच शिवून दिला असणार आणि इतकी वर्षं कुणी बोललं नाही. आधी पुस्तक चाळून बघायला माझे हात मोडले होते का? दुसऱ्यांना शिकवायला मी पुढे. त्या क्षणी प्रामाणिकपणे सांगायला हवं होतं — बायांनो, पानं नाहीत. पण लुसीबायचा चेहरा समोर होता, आणि माझी जीभ वळेना. एकशे सत्त्याहत्तरवर इंदू पुण्यात नर्सचं काम करत होती, आईचा कुठे उल्लेखच नव्हता. मी 'काही वर्षं गेली' असं पदरचं वाक्य घातलं आणि सरळ पुढे वाचत सुटले. मान वर करायची हिंमत झाली नाही.

वाचन संपलं तेव्हा बऱ्याच जणी डोळे पुसत होत्या. मला वाटलं, इंदूच्या नर्सपणाचं एवढं काय? लुसीबायने माझा हात चाचपून धरला आणि "बरां वाचलंस गो बाय," एवढंच म्हणाली. मला वाटलं, बिचारी समजून घेतेय. लांबून येणाऱ्या दोघींची सव्वापाचची एसटी चुकली म्हणून त्या रिक्षाने गेल्या, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की आज तर सोळा पानं कमी वाचली, मग उशीर कसा झाला? घरी गेले. आंधळ्या बाईला फसवलं, यापलीकडे काही सुचत नव्हतं.

पुढच्या शनिवारी शेवट वाचून पुस्तक संपलं. त्याच्या पुढच्याला प्रश्नमंजुषा. प्रश्न काढण्यासाठी बाईंनी कोल्हापूरच्या बहिणीकडून तिची प्रत मागवली होती, ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आली. पूर्ण प्रत. आमच्या प्रतीचं मी बाईंनाही सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती.

अकरा जणी होत्या. सातवा प्रश्न बाईंनी वाचला, "इंदू दारात उभी राहते तेव्हा तिची आई काय करते?" — आणि मला घाम फुटला. म्हटलं, आता सगळ्या माझ्याकडे बघणार, हे तर वाचलंच नाही म्हणणार. कुणी बघितलं नाही. सगळ्या खाली मान घालून लिहायला लागल्या. लुसीबायची उत्तरं मीच लिहून घेत होते. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "लिही. आवशीन दार उघडल्यान. 'इलंस? पाय धू. पेज थंड जाता,' असा म्हटल्यान."

मला वाटलं, म्हातारीने मनात रचलंय. रचू दे. लिहिलं.

बाई चिठ्ठ्या तपासायला बसल्या. तपासता तपासता एकदम थांबल्या आणि मला आत बोलावलं. सगळ्या चिठ्ठ्या सातव्या प्रश्नाशी उघडून टेबलावर मांडल्या होत्या. अकराच्या अकरा जणींनी तेच लिहिलं होतं. आईने दार उघडलं. इलंस. पाय धू. पेज थंड जाता. कुणाचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, कुणाचं सुबक, पण शब्द तेच.

बाई चिडल्या होत्या. "तू ह्यांना काय वाचून दाखवलंस? वाईच्या घरात पेज कुठून आली? आणि आई मालवणी बोलते?" त्यांनी पूर्ण प्रत पुढे सरकवली. पान एकशे एकसष्ट. मी उभ्या उभ्या वाचलं. इंदू हाक मारते. आई आत चुलीपाशी बसलेली आहे, हाक ऐकते, आणि उठत नाही. लाकडं पुढे सारत राहते. इंदू निघून जाते. दार उघडतच नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. आमची प्रत दाखवली — एकशे साठ, एकशे सत्त्याहत्तर. बाईंनी दोन्ही पुस्तकं दहा वेळा उलटीसुलटी केली. मग त्या उठल्या, कारण बाहेर बायका निकालाला थांबल्या होत्या आणि बाईंचा शिरस्ता असा की चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पुस्तकातून वाचून दाखवायचं. त्या पूर्ण प्रत घेऊन पडवीत गेल्या, तेच पान उघडलं, चष्मा लावला. समोर लुसीबाय. मी धावत जाऊन पानावर हात ठेवला.

"बाई, उत्तर बरोबर आहे."

"सुलभा, पुस्तकात..."

"बरोबर आहे, बाई."

बाईंनी लुसीबायकडे पाहिलं. ती निवांत बसली होती, इतके आठवडे मांडीवर आवळलेले हात सैल सोडून. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "सातव्याला सगळ्यांना पूर्ण गुण." आयुष्यात त्यांनी दिलेले हे एकमेव फुकटचे गुण असतील. नंतर आत येऊन त्या रडल्या, हे मी सांगितलेलं त्यांना आवडणार नाही.

मग मी हात धुऊन मागे लागले. एकेकीच्या घरी जाऊन विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय ऐकलं? तूच वाचलंस, म्हणाल्या. कुणाच्या तोंडून? तुझ्याच. ही कादंबरी आधी कुणी वाचलेली नव्हती. आपसात ठरवलं म्हणावं, तर ह्या बायका सहलीला कुठे जायचं ते तीन महिने ठरवू शकत नाहीत. रेकॉर्डिंग असतं तर सोक्षमोक्ष लागला असता, पण मोबाइल टोपलीत... नियम माझाच. एकच गोष्ट बहुतेकींनी आपण होऊन सांगितली. त्या दिवशी मधेच मी फार सावकाश वाचायला लागले होते. ओळीखाली बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत, नवीन शिकलेलं माणूस वाचतं तसं. मला दम लागला असेल, असं त्यांना वाटलं होतं. मला यातलं काहीही आठवत नाही. मी बोट ठेवून कधीच वाचत नाही.

लुसीबायला मी यातलं काही बोलले नाही. मडगावला जायच्या आदल्या सोमवारी तिनेच मला निरोप पाठवला. माहेरी जायचंय, सोबत ये म्हणाली. आई गेलीय, पण धाकटा भाऊ आहे, घर आहे. छप्पन वर्षांत जे केलं नाही ते आता कशाला, असं मी विचारलं नाही. रिक्षात ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. लग्नाआधी दुपारच्या वेळी ती आईला वाचायला शिकवायची, वडिलांना कळू न देता. आईला जोडाक्षरं काही जमायची नाहीत. "बोट धरून वाची ती, मुंगी चलता तशी," म्हणाली आणि हसली. मी बाहेर बघत राहिले. अंगावर सरसरून काटा आला होता. तो दिसायला तिला डोळे नव्हते म्हणून बरं.

घरापुढे उतरलो. खळ्यात येऊन ती थांबली.

"दार उघडां आसा काय बंद?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण एकदा बोलून झालं होतं. "बंद आहे," मी म्हटलं.

"बरां. माका जवळ ने."

मी नेलं. तिने हाताने लाकूड चाचपलं, कडी शोधली आणि वाजवली. चांगली जोरात, तीनदा. आतून गंजी घातलेला एक म्हातारा आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, त्याला काही कळेना. तिने त्याला लहानपणच्या नावाने हाक मारली. तो उंबऱ्यावरच बसला, आणि बसल्या बसल्या त्याने तिचे दोन्ही पाय धरले. मी रिक्षात जाऊन बसले. माझं तिथे काही काम नव्हतं. तासाभराने तिची भावजय सांगायला आली की तुम्ही जावा, वन्सं आज जाणार नाहीत. ती तिथे आठ दिवस राहिली. मुलगा मडगावहून गाडी घेऊन थेट तिथेच आला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. गावडे बाईंकडेही नाही, आणि त्यांच्याकडे नाही म्हणजे तालुक्यात कुणाकडे नसावं. बाईंनी बहिणीला विचारून पूर्ण प्रत वाचनालयाला भेट दिली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, कुलपात. दाखल नोंदवहीत मी ती चढवलेली नाही. ग्रंथपालाने असं करणं साफ चूक आहे, मला माहीत आहे, तपासणीला येणाऱ्या साहेबांना खुशाल सांगा. कादंबरी कुणी मागितली तर मी जुनीच प्रत देते. मधली पानं नाहीत म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं, तर त्याला बसवते आणि आईने दार उघडलं तिथून पुढे तोंडीच सांगते.