घाईचा वाढदिवस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या पोरांना तर नाहीच — त्यांनी मला भर चौकात सोललं असतं. तुला लिहून सांगते. मधेमधे हसू येईल, तेव्हा खुशाल हस.

तुला मी माहीत आहे ती पत्रकवाली म्हणून. आकुर्डी स्टेशनबाहेर, महाळुंग्यात शिफ्ट सुटताना, लोकांच्या हातात कागद कोंबणारी. 'कामगार कामाला लागतो एका तारखेला, ठेकेदार दाखवतो दुसऱ्या — ही तारखांची चोरी थांबवा!' हे वाक्य माझंच. लिहिताना इतकी चिडले होते की उद्गारचिन्हांची रांग लावली होती. छापणाऱ्याने एकच ठेवलं. तर ही तारखांवर भांडणारी बाई कुठल्या घरातली, ते ऐक.

आमच्याकडे शर्यतीच्या घोड्यांची पैदास. अस्सल थरोब्रेड. आजोबा एका मोठ्या स्टड फार्मवर नोकरीला होते. तिथून काढून टाकलेली एक म्हातारी घोडी त्यांनी घरी आणली, आणि तिच्या लेकी-नातींवर आमच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या. आता चहूबाजूंनी कंपन्या आणि मधे आमची पागा. घोड्यांना भोंगा पाठ झालाय — शिफ्ट बदलली की यांना चारा हवा. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, आधी यांची युनियन काढ.

या धंद्यात एक गंमत आहे. सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच — एक जानेवारी. शिंगरू कधीही जन्मो, एक जानेवारी आली की ते वर्षाचं. म्हणजे एकतीस डिसेंबरला जन्मलेलं पोर दुसऱ्या दिवशी कागदावर वर्षाचं होतं, आणि पुढे आपल्यापेक्षा वर्षभर मोठ्या घोड्यांशी पळतं. असलं शिंगरू घेणार कोण?

कळलं ना, कुठे चाललेय मी?

मी बारावीत होते. एकतीस डिसेंबर. आप्पा आणि आई चिंचवडला साखरपुड्याला गेलेले. मैना, आमची उरलेली एकुलती एक चांगली घोडी, तिचे दिवस अजून भरायचे होते. पण दिवेलागणीला तिला घाम फुटला आणि बघता बघता ती व्याली. जवळ फक्त मी आणि सोपानकाका. काका आमचे जुने मोतद्दार, आजोबांच्या वेळेपासून घोडी बाळंत करणारे. काय देखणी पोर झाली होती सांगू! पाय सगळे चार दिशांना, पण उभं राहायची कोण घाई. काका म्हणाले, हिचं नाव घाईच. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

मग माझ्या लक्षात आलं, आज तारीख काय.

मी आप्पांना फोन केला आणि सांगितलं, मैनाला कळा सुरू झाल्यात वाटतं, पण काका आहेत, तुम्ही सकाळीच या. शिंगरू तेव्हा माझ्या ओढणीचं टोक चघळत होतं.

इथवर सगळं ठीकच म्हण. एका दिवसाचा तर प्रश्न. माझी कबुली ही नाहीच.

आप्पा सकाळी आले. मी म्हटलं, पहाटे झाली. काका सरळ माणूस — ते म्हणाले, "न्हाई, काल दिवे लागलं तवाच आली की." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — तुला हे तोंडावर सांगता आलं नसतं — मी म्हटलं, "आप्पा, काल थर्टी फर्स्ट होता ना. काकांची जरा झाली होती."

काकांनी दारू कधीच सोडली होती. आजोबांच्या पायाला हात लावून सोडली होती. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते जिभेवर आलं. पूर्वी पिणाऱ्याबद्दल असलं लगेच खरं वाटतं, नाही का?

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग घाईकडे. म्हणाले, "आसंल. माझंच चुकलं आसंल." का म्हणाले, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

आप्पांनी नोंदणीसाठी एक जानेवारीच कळवली. घाई पुढे पळाली, एकदा जिंकलीही, आता घरी परत येऊन स्वतः आई झालीय. परवा तिने माझी अर्धी पत्रकं खाल्ली. आणि काकांना त्यानंतर घोडी विताना आत घेतलं नाही. ओरडा नाही, भांडण नाही — आप्पा नुसतं म्हणायचे, तुम्ही बसा बाहेर, दमला असाल. आयुष्यभर जे केलं, ते काका दाराबाहेर बसून ऐकत राहिले.

काका अजून येतात, घाईला गूळ घालायला. यंदाही एकतीसला आले. पागेतली पोरं टपलेलीच होती. "काका, आज थर्टी फर्स्ट हाय राव. तारीख लक्षात ऱ्हाईल का उद्या?" सगळे हसले. काकाही हसले. नव्या पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून मीही हसले.

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला मागण्या असतात. इथे एकही नाही. घाई एकतीस डिसेंबरला जन्मली, दिवेलागणीला. सोपानकाकांनी एक थेंबही घेतलेला नव्हता.