उजव्या चाकासाठी ठाणे–कल्याण–मानपाडा

लोक सुट्टी काढून किल्ले बघायला जातात. मी गेल्या शुक्रवारी सुट्टी काढली आणि गाडीच्या पुढच्या उजव्या चाकातली हवा कुठे जाते ते बघायला वर्तकनगरहून निघाले.

कारण सांगते. रविवारी खेडजवळच्या गावी मोठ्या मावशीची पंच्याहत्तरी होती. ती आणि माझी आई तीन वर्षांत भेटलेल्या नाहीत. आईचे गुडघे तिला एसटीची पायरी चढू देत नाहीत, म्हणजे न्यायचं तर माझ्याच गाडीतून. आणि दसऱ्यापासून हे चाक लहरी झालेलं. हवा भरली की कधी आठवडाभर बत्तीसची बत्तीस, कधी दुसऱ्याच दिवशी बावीस. गंमत म्हणजे पेट्रोल पंपावरच्या माणसाने भरली की टिकायची, घरच्या पंपाने मी भरली की उतरायची. "तुझा हात जड आहे," आईचं निदान. स्टेपनी इतकी जुनी, की तिच्या भरवशावर मी घाटात जाणार नाही.

"हवा टिकली तरच जायचं," असं मी गुरुवारी सांगितलं. आईने मावशीसाठी घेतलेली साडी पिशवीतून काढून कपाटात ठेवली. ते मला बघवलं नाही.

पहिला मुक्काम खोपट. डेपोच्या आसपास जायचं तर सकाळी लवकर जा, नंतर वळणाऱ्या एसट्यांच्या मध्ये सापडलात तर नाश्त्याला बांधून घेतलेली मिसळ थंड होते. माझी झाली. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं, व्हॉल्व्हचं टोपण काढून स्टुलावर ठेवलं, हवा तपासली आणि चाक पाण्याच्या टाकीत फिरवलं. एक बुडबुडा नाही.

"ताई, फुटपाथवर चढवता का गाडी?"

"नाही."

"मग मिस्टर चढवत असतील."

"त्यांना गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं. त्याने पुढचा प्रश्न गिळला आणि व्हॉल्व्हमधली पिन नवी घालून बत्तीस हवा भरली. "आता वर्षभर बघायला नको." मीही खूश. टोपण स्वतःच्या हाताने गच्च पिळून लावलं आणि निघाले.

खरं तर इथूनच घरी परतायचं. पण माझा विश्वास नव्हता, म्हणून चाचणी म्हणून कशेळी-कोनच्या रस्त्याने कल्याण गाठलं. या रस्त्याने जाणाऱ्यांनी गाणी आणि संयम दोन्ही भरपूर घ्यावीत, ट्रकांच्या मागून रांगावं लागतं. दुर्गाडीच्या पुलावर मात्र खाडीवरून वारा आला आणि एकदम सहलीला निघाल्यासारखं वाटलं. पूल उतरून चाकाला हवा मोजायचा मीटर लावला. अठ्ठावीस. दीड तासात चार उतरली होती.

कल्याणचा दुकानदार घाईत होता. टोपण काढलं, चाक बुडवलं, रिमच्या कडेला साबणाचं पाणी फासलं, काही नाही. "टायर बदली करा मॅडम, झंझट खतम." टायर जेमतेम वर्षाचा. तरी मी भाव विचारून बसले, कारण आता दुपार झाली होती आणि मला ती कपाटातली साडी दिसत होती. भाव ऐकून माझं तोंड पडलेलं बघून त्यालाच दया आली. "नायतर मानपाड्याला जा. तिथे एक काका आहेत, एका चाकाशी दिवसभर बसतात. धंदा नाय होत त्यांचा, पण सापडतं."

वडापाव तोंडात असताना आईचा फोन आला.

"मिळालं का काही?"

"अजून नाही."

"राहू दे गं मग. मी फोनवर बोलेन तिच्याशी." इतकं हसत म्हणाली, की मी उरलेला वडापाव कागदात गुंडाळला आणि गाडी काढली.

डोंबिवलीत मानपाड्याला पोहोचले तेव्हा काका चहा पीत होते. आधीच्या दोघांसारखं मीही वाकून टोपण काढायला गेले.

"टोपनाला हात लावू नको," काका म्हणाले. "गारी चालते तवा टोपन लावलेलाच असतो ना? मंग तसाच बघायचा."

चाक टोपणासकट पाण्यात गेलं. काका खरोखर बसून राहिले. पाच मिनिटांनी टोपणाच्या कडेतून मोहरीएवढा बुडबुडा आला. मग दुसरा. त्यांनी टोपण सैल केलं, बुडबुडे थांबले. घट्ट केलं, परत सुरू. मग टोपण काढून त्यांनी आत काडी फिरवली आणि तळहातावर काहीतरी पाडलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

काकांनी तो आधी कपाळाला लावला. "पिन दाबत व्हता ह्यो. कोनी ठेवला?"

दसऱ्याला गाडीची पूजा आईनेच केली होती. कुंकवात भिजवलेली अक्षता टोपणाच्या तळाशी चिकटून वाळलेली. मी टोपण गच्च लावलं की दाणा पिनवर बसायचा, पंपावरचा माणूस सैल लावायचा म्हणून हवा टिकायची. आणि प्रत्येक पंक्चरवाला टोपण काढूनच तपासणार. तेव्हा वाचकहो, तुमचंही चाक असं छळत असेल तर टोपणासकट बुडवायला सांगा. काकांनी दाणा कागदात बांधून माझ्या हातात दिला, वीस रुपये घेतले, चहा मात्र त्यांनीच पाजला.

शीळफाटा, मुंब्रा बायपास करत पाचला घरी. वाटेत दोनदा मीटर लावला, बत्तीस. आई दारातच उभी होती. तिला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं, "खिळा होता." साडी परत पिशवीत गेली.

शनिवारी पहाटे सामान घेऊन खाली आले, तर आई गुडघ्यांवर हात टेकत उजव्या चाकाशी वाकलेली. एका हातात टोपण, दुसऱ्यात अक्षता.

"आई, काय करतेस?"

"खिळा शिरला म्हणजे दसऱ्याची अक्षता पडली असणार. चाकावर ठेवलेली उडून जाते, म्हणून टोपणात घालते."

खोटं बोलण्याची शिक्षा इतक्या लवकर मिळते हे मला माहीत नव्हतं. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग चाकाला धरूनच हसायला लागली. "म्हणजे महिनाभर मीच माझी वाट अडवून बसले होते."

"पण याच एका चाकात का गं?"

"बाकीच्यांत कशाला? उजव्या बाजूला तू बसतेस."

सोमवारी रात्रीचं जेवण आम्ही घरी जेवलो. दोघी बहिणी दोन दिवस अखंड बोलल्या, त्यात ही दाण्याची गोष्ट मावशीने सात वेळा सांगायला लावली. आज सकाळी हवा तपासली, बत्तीस. टोपण गच्च लावलंय, हात जड असला तरी. टोपणातून निघालेला तो दाणा माझ्या लायसन्सच्या पाकिटात आहे. आईनेच ठेवला. "चाकासाठी नव्हताच तो," म्हणाली.