नूरीने न तोडलेली पट्टी

राजुऱ्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग म्हणजे नूर, हे नव्वदच्या दशकात ठरूनच गेलं होतं. प्रफुलभाऊंच्या फोटो स्टुडिओत ती कामाला लागली तेव्हा शाळेच्या दाखल्यावर नाव होतं नूर मोहम्मद, अंगात शर्ट-पँट आणि केस मानेखाली रुळणारे. स्वतःजवळ मात्र ती कळायला लागल्यापासून नूरीच होती. म्हणून इथंही तिला नूरीच म्हणायचं. ज्याला खटकेल त्याला खुशाल खटकू द्यावं.

मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला बाप्या माणसाने जायचं नाही, कॅमेरावाल्याने तर नाहीच नाही. यावरून मांडवात भांडणं जुंपलेली. नूरीच्या बाबतीत मात्र घरचा कर्ताच सांगे, "नूरले जाऊ द्या आत. तो आपलाच हाये." आपला म्हणजे नेमका कोण, हे कोणी विचारत नसे आणि नूरीही सांगत नसे. त्या न विचारण्यावरच तिचा धंदा चालला होता. धंद्याचं एक वेळ सोडा, पण बायकांमध्ये बसायला तिला जगात तेवढी एकच जागा होती.

आणि काम असं की बघत राहावं. बाकीचे कॅमेरावाले नवरीच्या दागिन्यांवर अडकून बसत. नूरी कोपऱ्यात डोळे पुसणारी मावशी बरोबर हेरायची. लग्नाची कॅसेट तयार झाली की तिच्या पाठीवरची छोटीशी प्लास्टिकची पट्टी ती खटकन तोडायची. पट्टी तुटली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "लोकायचं लगन हाये, पुसाले नाई पायजे," असं म्हणायची.

दोन हजार एक साली नागपूरहून दिव्यानी नावाची मुलगी आली. लोक ज्यांना पुरुष समजतात, पण ज्या स्वतःला बाई म्हणून ओळखतात, अशांवर ती माहितीपट करत होती. चेहरा गंभीर करून म्हणाली, "मला तुमची व्यथा मांडायची आहे."

नूरीला हसू आवरेना. "व्यथा पायजे का नूरी पायजे? नूरी पायजे असन तर मी सोताच शूटिंग करून देईन. कॅमेरा हाये माह्यापाशी."

पोरगी शहाणी होती. लगेच हो म्हणाली.

मग रोज दुपारी स्टुडिओच्या मागच्या खोलीत, धबधबा रंगवलेल्या पडद्यापुढे, हिरवी ओढणी घेऊन नूरी कॅमेऱ्यासमोर बसू लागली. लहानपणापासूनचं सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "मी नूरी. मी बाई हाये. बायकायच्यात बसली का मले घरी आल्यावानी वाटते." कॅसेट भरली तशी तिने ती खणात टाकली, पट्टी न तोडता. लोकांची लग्नं जपणाऱ्या या बाईला आपलंही काही जपायचं असतं हे सुचलंच नाही.

प्रफुलभाऊ माणूस सोन्यासारखा, पण कोरी कॅसेट काढायची म्हटलं की जिवावर यायचं. घुग्घुसच्या जाहिदभाईंच्या मुलीचं, आयशाचं लग्न नूरीनेच शूट केलं होतं; ते त्यांनी तिला न विचारता खणातल्या त्याच कॅसेटवर भरून पाठवून दिलं.

घुग्घुसला जाहिदभाईंचं टायरचं दुकान. कॅसेट बघायला संध्याकाळी गल्ली लोटली. बिदाई झाली, गाणं संपलं, बायका चहाला उठल्या, टीव्ही तसाच चालू राहिला. आणि लग्नाखाली न पुसलेला शेवटचा तुकडा पडद्यावर उमटला. धबधबा, हिरवी ओढणी आणि नूरी. "मी बाई हाये."

दुसऱ्या दिवशी जाहिदभाईंचा फोन आला, नूरला पाठवा. प्रफुलभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. "नूर, सांगून टाक का ते नाटक होतं. नाईतर एक घर तुले आत घेनार नाई."

"खोटं सांगितलं तर आत जायले भेटन, भाऊ. पन आत जाईन ते कोन?"

परत येताना चंद्रपूरला एका लग्नाचं काम होतं, म्हणून कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवून ती घुग्घुसच्या बसमध्ये बसली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. तरी गावात उतरल्यावर तिने बॅगेतून हिरवी ओढणी काढून अंगावर घेतली.

जाहिदभाई दारातच उभे होते. आत गल्लीतल्या बायका जमलेल्या.

"तू आमच्या बायकायच्यात कोन म्हनून गेला होता?"

"कॅसेटमधी बोलली तीच म्हनून."

"मंग पहिले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी कुठी इचारलं, भाऊ?"

जाहिदभाईंच्या कपाळाची शीर तटतटली. तेवढ्यात आतून आयशाची दादी बोलली. म्हातारीचं माहेर राजुऱ्याकडच्या खेड्यातलं, तोंडात शेतशिवाराची मराठी.

"जाहिद, लगनाच्या दिवशी दारात कोन उभा होता? तू. बाप्या मानूस आत सोडाचा नाई म्हनून कोन वरडत होता? तूच. मंग हिले आत कोनं सोडलं? तूनंच ना! तुले तवाच मालूम होतं, बाप्पा. आता टीव्हीनं सांगितलं म्हनून काऊन भडकून राह्यला?"

जाहिदभाई दारातून बाजूला झाले.

"अन् तू गं," दादीने मोर्चा नूरीकडे वळवला, "तुही गोष्ट अर्ध्यातूनच काऊन सुरू होते? पहिलं कुठी हाये?"

"पुसलं गेलं, दादी. त्याच्यावर आयशाचं लगन भरलं."

माहेरी आलेली आयशा उठली. "दे तो कॅमेरा. माह्या लगनानं पुसलं, तर मीच भरून देईन."

कोणतं बटण दाबायचं ते नूरीने दाखवलं. चित्र हलत होतं, कोणाचं डोकं कापलं जात होतं, मध्येच नुसतं छत येत होतं. पण आजवर प्रत्येक लग्नात कॅमेऱ्यामागे राहिलेली नूरी बायकांच्या मधोमध बसली होती. कोणीतरी तिची घसरलेली ओढणी सारखी केली, आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. बाहेर जाहिदभाई खाकरले. चहाचा ट्रे उंबऱ्याच्या आत सरकवून ते तिथूनच परत फिरले. आत बायका बसल्या होत्या ना.

दिव्यानीने आयशाने घेतलेलं ते शूटिंग हलतं-डुलतं तसंच आपल्या माहितीपटात घातलं. त्या शूटिंगची मूळ कॅसेट स्टुडिओच्या टेबलावर पडलेली दिसली तेव्हा प्रफुलभाऊंचा हात सवयीने तिच्याकडे गेला.

"हे रिकामी हाये का?"

नूरीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पाठीवरची पट्टी खटकन तोडली.